पबमधलं रॉक, साउंड डेस्कच्या मागून

तीनशे माणसं मावतील एवढ्या खोलीत रॉक बँड किती जोरात वाजणार, हे साउंड डेस्कवर ठरत नाही. ते ड्रमरच्या हातावर आणि गिटारवाल्याच्या अ‍ॅम्पवर ठरतं. डेस्कवर बसलेल्याचं काम एवढंच, की त्या गदारोळातून गाणाऱ्याचा शब्द वर काढायचा. मेलबर्नच्या पबांमध्ये साउंड सांभाळताना दुपारी चारपासून मध्यरात्रीपर्यंत जी धावपळ चालते, ती जवळजवळ सगळी याच एका कामासाठी असते. भारतातून इथे शिकायला आलेली, साउंडच्या कामात शिरू पाहणारी मराठी मुलं विचारतात की अशा छोट्या कार्यक्रमाचा दिवस नेमका कसा जातो, म्हणून हे जरा तपशिलात.

आधी पबच का, ते सांगायला हवं. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच राज्यांत पब संध्याकाळी सहाला बंद करावे लागत. कामावरून पाचला सुटायचं आणि तासाभरात जमेल तितकी बिअर घशाखाली घालायची, असा खाक्या. त्या झुंबडीनंतर पाणी मारून धुता यावं म्हणून पबांच्या भिंतींना टाइल्स लावत. न्यू साउथ वेल्सने ही वेळ १९५५ मध्ये वाढवली, व्हिक्टोरियाने (मेलबर्न याच राज्यात) १९६६ मध्ये, साउथ ऑस्ट्रेलियाने १९६७ मध्ये. मग रात्री उशिरापर्यंत गिऱ्हाईक बसवून ठेवायला काहीतरी हवं होतं, आणि सत्तरच्या दशकात पबवाल्यांनी बँड आणले. एसी/डीसी, कोल्ड चिझेल, द एंजल्स, रोझ टॅटू, मिडनाइट ऑइल ही सगळी मंडळी अशाच खोल्यांत तयार झाली. गुळगुळीत भिंती, बुटकं छत आणि हातात ग्लास घेतलेला, सहजासहजी खूश न होणारा प्रेक्षक. एसी/डीसीच्या वाजवण्यात दोन ठोक्यांच्या मध्ये जी मोकळी जागा असते, तिचं श्रेय मी तरी थोडंफार या खोल्यांना देतो. घुमणाऱ्या खोलीत सूर जितके भराल तितका चिखल होतो. कमी वाजवणारा स्वच्छ ऐकू येतो.

कामाची सुरुवात आठवडाभर आधी ईमेलवर होते. एका रात्री बहुतेक तीन बँड असतात. प्रत्येकाकडून दोन कागद मागवायचे: स्टेजवर कोण कुठे उभं राहणार याचा आराखडा, आणि इनपुट लिस्ट, म्हणजे कोणती वाद्यं, गाणारे किती, डीआय बॉक्स (वाद्य थेट डेस्कला जोडणारी डबी) किती लागतील. ‘नेहमीचंच, दोन गिटार, बेस, ड्रम’ असं एका ओळीचं उत्तर आलं की पुन्हा विचारायचं. त्या ‘नेहमीच्या’तून ट्रम्पेट, लॅपटॉप किंवा गाणारा ड्रमर निघाला की साउंडचेकची पंधरा मिनिटं तिथेच गेली. तऱ्हेवाईक वाद्यांची इथे परंपराच आहे. मिडनाइट ऑइलच्या रॉब हर्स्टच्या ड्रमसेटला पन्हळी पत्र्याची पाण्याची टाकी जोडलेली असायची. तेव्हा विचारायला लाजू नये.

त्याच ईमेलमध्ये सामान कोण आणणार तेही पक्कं करायचं. लहान स्टेजवर तीन ड्रमसेट मावत नाहीत. ड्रमचे मुख्य शेल्स एका बँडचे, बहुधा शेवटी वाजणाऱ्याचे, आणि बाकीच्या ड्रमरनी आपापलं स्नेअर (मांड्यांमधला खणखणीत ड्रम), सिंबल्स आणि किकचं, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं, पेडल आणायचं. बेसचा अ‍ॅम्प एकच. गिटारवाले अ‍ॅम्पचं हेड, म्हणजे स्पीकर नसलेला भाग, आपापलं आणतात आणि चार स्पीकरची पेटी, म्हणजे क्वाड बॉक्स, वाटून घेतात.

महागात पडणारी गडबड इथेच होते. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) हेडमागे ४, ८ आणि १६ ओहमच्या स्पीकर जोडायच्या जागा असतात. पेटी १६ ची असेल तर हेडही १६ वर हवं. आठ-आठ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की भार चारचा होतो, हे ऐन घाईत कुणाच्या लक्षात राहत नाही. दुसरी चूक म्हणजे स्पीकरला गिटारची केबल लावणं. दिसायला दोन्ही सारख्याच, पण गिटारच्या केबलची तार बारीक असते. मोठ्या आवाजावर ती तापते आणि कधीतरी तुटते. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प वाजवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि ती दुरुस्ती रात्रभरच्या बिदागीपेक्षा जास्त असते. म्हणून हेड चालू करण्याआधी मागची केबल हाताने चाचपून बघायची, प्रत्येक बँडच्या वेळी, न कंटाळता.

विजेचं भारतातून आलेल्यांना सोपं जातं. दोन्हीकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, फक्त पिना वेगळ्या. इथल्या प्लगच्या वरच्या दोन चपट्या पिना तिरक्या आणि अर्थची सरळ. अमेरिकेतून आणलेल्या १२० व्होल्टच्या पेडलपॉवरला (गिटारच्या पेडलना वीज देणाऱ्या डबीला) मात्र स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. भिंतीतल्या साध्या सॉकेटची क्षमता १० अँपिअर, म्हणजे २,३०० वॅट. पीए (प्रेक्षकांकडे तोंड केलेली स्पीकरची यंत्रणा), दिवे आणि स्टेजवरचे अ‍ॅम्प शक्यतो वेगवेगळ्या सर्किटवर घ्यायचे. दिवे आणि गिटारचे अ‍ॅम्प एकाच सर्किटवर आले की कधीकधी दिवे मंद करताना अ‍ॅम्पमधून गुणगुण सुरू होते. एका पॉवरबोर्डमध्ये दुसरा बोर्ड खुपसायचा नाही. बहुतेक पब तपासणीचं लेबल लावलेल्याच केबली आणि बोर्ड वापरू देतात, त्यामुळे घरून आणलेली बिनलेबलची एक्स्टेन्शन बाहेरच राहते. आणि हमिंग आलं म्हणून कुणी प्लगची अर्थची पिन काढायला निघाला तर त्याला तिथेच थांबवायचं. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण त्यासाठीच असतं. अर्थ तोडलेल्या अ‍ॅम्पचं गिटार हातात धरून माइकला ओठ लावणं जिवावर बेतू शकतं.

चारला सामान आत येतं. गाडी लावायला गल्लीत लोडिंग झोनची थोडीच जागा असते, म्हणून सगळं आधी आत ओढायचं आणि मांडामांड नंतर. हिवाळ्यात मेलबर्नची गाडीतली थंडी गिटारला बाधते. गिटारची केस आत आणली की लगेच उघडायची नाही, अर्धा तास तशीच ठेवायची, नाहीतर सूर लावून होईपर्यंत उतरलेला असतो. ड्रमसाठी साधारण दोन मीटर बाय दोन मीटरचा गालिचा लागतो. तो नसेल तर किक ड्रम प्रत्येक गाण्यात बोटभर पुढे सरकतो आणि शेवटच्या गाण्याला ड्रमर पाय ताणून वाजवत असतो. गालिचा असूनही सरकत असेल तर पुढे वाळूची पिशवी किंवा वीट. पबच्या जुन्या कार्पेटवर मात्र गॅफर टेप (केबली चिकटवायची कापडी पट्टी) चिकटेलच असं नाही. वर्षानुवर्षं बिअर मुरलेल्या त्या कार्पेटला बूट चिकटतात, टेप चिकटत नाही. अशा ठिकाणी केबलींवर रबरी मॅट टाकणं बरं.

गिटारचा अ‍ॅम्प कुठे आणि कसा ठेवायचा, यावर रात्रीचा निम्मा निकाल लागतो. क्वाड बॉक्सचा चिरका भाग झोतासारखा सरळ जातो. पेटी जमिनीवर असेल तर तो झोत वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांवर आणि पुढच्या रांगेच्या कानांवर जातो. वाजवणाऱ्याला तो ऐकू येत नाही, म्हणून तो ट्रेबल आणि व्हॉल्यूम वाढवतो, आणि समोर मध्ये उभ्या असलेल्यांना गिटारशिवाय काहीच ऐकू येत नाही. पेटी मागे कलती ठेवली किंवा स्टेजवर आडवी, म्हणजे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे तोंड करून लावली, की आवाज वाजवणाऱ्याच्या कानावर येतो आणि तो आपणहून कमी करतो. ‘व्हॉल्यूम कमी कर’ हे वाक्य गिटारवाल्याला आवडत नाही. ‘अ‍ॅम्प जरा वळवू या का, तुला नीट ऐकू येईल’ हे चालतं. परिणाम तोच.

माइकांत नवलाईचं काही नसतं. किकला मोठ्या डायफ्रॅमचा माइक, ड्रमच्या पुढच्या भोकातून थोडा आत. स्नेअरला आणि गिटारला शूअर एसएम५७. टॉमला क्लिपवाले छोटे माइक. बेसला डीआय. गाणाऱ्यांना एसएम५८. लहान खोलीत सिंबल्सना वेगळा माइक बऱ्याचदा लागतच नाही, ते गाण्याच्या माइकमधूनच नको तितके येतात. गिटारच्या पेटीवर माइक जाळीला जवळजवळ टेकवायचा, स्पीकरचा मध्य आणि कडा यांच्या अधेमधे. मध्याकडे सरकवला की आवाज धारदार, कडेकडे नेला की मऊ. चार स्पीकर दिसायला सारखे, पण वाजायला क्वचितच सारखे असतात. प्रत्येकाजवळ कान नेऊन (अ‍ॅम्प हळू ठेवून) त्यातला एक निवडायचा आणि त्यावर टेपचा छोटा तुकडा लावायचा, म्हणजे बँड बदलताना पुन्हा शोधाशोध नको.

यानंतर फोल्डबॅक. वाजवणाऱ्यांच्या पायाशी ठेवलेले हे तिरके स्पीकर म्हणजे या कामातलं सगळ्यात नाजूक प्रकरण. ड्रमवर जोरात हात पडला की एवढ्या स्टेजवर आवाज शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो आणि गाणाऱ्याला स्वतःचा गळा त्यावर ऐकू यायला हवा. फोल्डबॅक वाढवत नेला की माइक शिट्टी मारतो. म्हणून बँड स्टेजवर चढायच्या आधी माइक उघडा ठेवून फोल्डबॅक हळूहळू वाढवायचा. पहिली शिट्टी आली की ती कोणत्या पट्टीत आहे ते ओळखायचं आणि ३१ पट्ट्यांच्या ग्राफिक ईक्यूवर (प्रत्येक पट्टी वेगळी कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) तेवढीच पट्टी तीन ते सहा डेसिबल खाली घ्यायची. मग आणखी वाढवायचा. बुटक्या छताच्या खोलीत २५० हर्ट्झच्या आसपास घुमणं आणि दोन ते चार किलोहर्ट्झमध्ये शिट्टी हे जवळपास ठरलेलं. चार-पाच पट्ट्या झाल्या की थांबायचं. दहा पट्ट्या कापल्या तर शिट्टी जाते, पण त्याबरोबर आवाजातला जीवही जातो, आणि मग गाणारा ‘अजून वाढव’ म्हणतो, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

स्पीकर कुठे ठेवायचा हे माइकवर अवलंबून. एसएम५८ ला अगदी पाठीमागून सर्वांत कमी ऐकू येतं, म्हणून फोल्डबॅक माइकच्या बरोबर मागे, गाणाऱ्याच्या समोर. बीटा ५८ या दुसऱ्या माइकचं तसं नाही. त्याची बहिरी जागा दोन्ही बाजूंना, सुमारे १२० अंशांवर असते, त्यामुळे त्याला दोन स्पीकर कडेला लावले तर बरे. माइक बदलला आणि स्पीकर जिथल्या तिथे राहिला की शिट्टीला आमंत्रण.

एवढं सगळं करूनही दोन गोष्टी घात करतात. एक, माइकची जाळी मुठीत धरणारा गायक. मूठ आवळली की माइकच्या मागच्या फटी बंद होतात, त्याचा एकदिशापणा जातो आणि तो चहूकडचं ऐकायला लागतो. पंक बँडांत ही सवय फार. दुसरी, टोपी. पुढे छज्जा असलेली टोपी घालून कुणी गायला उभं राहिलं की फोल्डबॅकचा आवाज छज्ज्यावर आपटून थेट माइकमध्ये उतरतो. साउंडचेकला टोपी नसते, शोला असते, आणि डेस्कवरचा माणूस विनाकारण बटणं फिरवत बसतो. म्हणून साउंडचेकलाच विचारायचं, ‘रात्री टोपी घालणार आहेस का? मग आत्ताच घाल.’

साउंडचेक उलट्या क्रमाने होतो. शेवटी वाजणारा बँड आधी, मग मधला, आणि पहिला वाजणारा सगळ्यात शेवटी. त्याचं सामान स्टेजवर पुढे तसंच राहतं आणि दार उघडल्यावर काही हलवावं लागत नाही. मुख्य बँडला तासभर, मधल्याला अर्धा तास, पहिल्याला उरलेला वेळ, जो बहुतेकदा पंधरा मिनिटांचा असतो. हे न्याय्य नाही, पण असंच चालतं. डिजिटल डेस्कमुळे आता प्रत्येक बँडचं सेटिंग वेगळं साठवून ठेवता येतं, तेवढा त्यांचा फायदा झाला. एकेक वाद्य वाजवून घेताना किकवर दहा-दहा मिनिटं घालवू नयेत. एकटा ऐकलेला किक आणि बँडमधला किक यांचा फारसा संबंध नसतो. पाच मिनिटांत सगळ्यांचे गेन (डेस्कवर येणाऱ्या आवाजाची पातळी) लावायचे आणि दोन पूर्ण गाणी वाजवायला सांगायची: एक सर्वांत जोराचं आणि एक ज्यात सगळे गातात ते. साउंडचेक म्हणजे केवळ कंटाळवाणी औपचारिकता नव्हे, हे मेलबर्नमधल्याच रिचमंडच्या कॉर्नर हॉटेलवाल्यांना (नाव हॉटेल, पण हाही पबच) सांगायला नको. अमेरिकेच्या द व्हाइट स्ट्राइप्सची, पुढे जगभरच्या फुटबॉल मैदानांत गायली गेलेली ‘सेव्हन नेशन आर्मी’ची ती सात सुरांची धून तिथल्याच साउंडचेकमध्ये पहिल्यांदा वाजली, २००२ च्या जानेवारीत.

समोरच्या मिक्सचा माझा क्रम असा. गाण्याचा माइक आधी आणि बाकी सगळं त्याच्या खाली. गाण्यावर हाय-पास (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर) १०० ते १२० हर्ट्झला, २५० च्या आसपास थोडं कमी, कॉम्प्रेशन (फार जोराचे आवाज दाबणं) तीनास एक किंवा चारास एक. गिटार दोन ते चार किलोहर्ट्झमध्ये गाणाऱ्याच्या व्यंजनांवर चढून बसतात, म्हणून तिथे गिटार किंचित खाली घ्यायच्या, गळा वर चढवायचा नाही. बऱ्याच रात्री गिटारचे फेडर (डेस्कवरच्या आवाजाच्या सरकपट्ट्या) पार खालीच राहतात, कारण स्टेजवरूनच पुरेसं येतं. रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, जवळजवळ नाहीच. टाइलच्या भिंती तो फुकट देतात. एक छोटी गोष्ट मात्र फार फरक पाडते. पीएचे स्पीकर ड्रमच्या पुढे दोन मीटर असतील तर पीएला सहा मिलिसेकंद उशीर द्यायचा. आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात; खरा ड्रम आणि स्पीकरमधला ड्रम एकत्र पोचले की ठोका एकसंध लागतो आणि आवाज न वाढवता भरीव वाटतो. मोठ्या मैदानावर हेच गणित शंभर मीटरला तीन दशांश सेकंदाच्या आसपास जातं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये एसी/डीसी एमसीजीवर वाजली, तशा ठिकाणी सगळं पीएवरच उभं असतं आणि स्टेजवरच्या अ‍ॅम्पचा प्रेक्षकांशी संबंध उरत नाही. पबमधला हात तिथे चालत नाही, आणि तिथला इथे.

रिकाम्या खोलीत ऐकलेला आवाज रात्री राहत नाही. माणसं भरली की अंगावरचे जाड कपडे वरचे सूर शोषून घेतात, खालचे जसेच्या तसे राहतात, आणि गप्पांचा कलकलाट वाढतो. साउंडचेकला थोडा चिरका वाटणारा गळा रात्री बरोबर लागतो. पाचला ऐकून ‘फार टोचतंय’ म्हणत वरचे सूर कापणारे नऊ वाजता ते परत शोधत असतात.

दार साडेसातला उघडतं. पहिला बँड आठला, अर्धा तास. दुसरा नऊला, चाळीस मिनिटं. मुख्य बँड दहाच्या सुमारास, तास-सव्वातास. मधल्या वीस-तीस मिनिटांत बँड बदलायचा असतो. दादरला लोकल थांबल्यावर उतरणाऱ्यांच्या आधी चढणारे घुसले की जे होतं, तेच इथे होतं. नियम एकच: जाणाऱ्यांनी सामान न आवरता उचलून कडेला न्यायचं, केबली तिकडे गुंडाळायच्या, ड्रमरने सिंबल्स स्टँडसकट उचलायचे आणि खाली जाऊन सोडवायचे. डेस्कवर सगळे चॅनेल म्यूट करून, डीआयची फँटम पॉवर (डेस्कवरून केबलमधून जाणारी वीज) बंद करून मगच केबल काढू द्यायची, नाहीतर धाडकन आवाज होऊन अख्खी खोली दचकते. नवा बँड उभा राहिला की किक, स्नेअर, बेस, दोन्ही गिटार, गळे अशी तीन-चार मिनिटांची लाइन चेक. कोणता चॅनेल मेला आहे ते इथेच कळतं. बहुतेक वेळा दोष गिटार आणि पेडलमधल्या वीतभर केबलीचा असतो, त्यामुळे गिटार थेट अ‍ॅम्पला लावून बघायची. वाजली तर पेडलबोर्डात शोधा.

गाण्यांच्या यादीची एक प्रत डेस्कवर हवी. सोलो कुठे आहे, कोणत्या गाण्यात बेसवाला गातो, हे त्यावर खुणावून ठेवायचं. स्टेजवरची प्रत जाड काळ्या मार्करने. लाल मार्करने लिहिलेली यादी लाल दिव्याखाली पांढऱ्या कागदावरून चक्क गायब होते. भर कार्यक्रमात वाकून कोरा कागद वाचू पाहणारा गायक दिसला की समजावं. स्टेजच्या कडेला सूर लावलेली जादा गिटार, अ‍ॅम्पचे फ्यूज, ड्रमची किल्ली, नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक चालू केबल एवढं असलं की बहुतेक संकटं दोन मिनिटांत निभावतात. अ‍ॅम्पवर आणि डेस्कवर ग्लास ठेवायचा नाही. इथला मोठा ग्लास ५७० मिलीलीटरचा असतो, आणि डेस्क संपवायला त्यातला पाव पुरतो.

प्रेक्षक शांतपणे ऐकत नाहीत, हेही मिक्समध्ये धरावं लागतं. द एंजल्सच्या एका जुन्या गाण्यात प्रत्येक ध्रुवपदानंतर लोक एकसुरात शिवराळ उत्तर देतात. कुठल्याही पबमध्ये कुणीही ते गाणं घेतलं तरी देतात. तिथे बँड थांबतो. नवख्याला वाटतं माइक गेला, आणि तो फेडर वर ढकलतो. ढकलू नये.

आवाजाचं दुसरं टोक भिंतीच्या पलीकडे असतं. व्हिक्टोरियाचे नियम शेजाऱ्याच्या घरापाशी मोजतात. दिवसा आणि संध्याकाळी संगीताचा आवाज तिथल्या पार्श्वभूमीच्या आवाजापेक्षा पाच डेसिबलहून जास्त नको, आणि रात्री तर ६३ हर्ट्झपासून वर प्रत्येक ऑक्टेव्हसाठी वेगळं मोजतात. म्हणजे तक्रार गिटारमुळे क्वचितच होते, होते ती किक आणि बेसमुळे. भिंत वरचे सूर अडवते, खालचे नाही. सबवूफर शेजारच्या भिंतीपासून शक्य तितका दूर ठेवायचा, आणि सिगारेटसाठी बाहेर पडणाऱ्यांनी मागचं दार उघडं ठेवलं नाही ना ते पाहायचं. काही पबांत लिमिटर बसवलेला असतो. मर्यादा ओलांडली की दिवा लागतो, आणि तरी ऐकलं नाही तर स्टेजची वीजच जाते. अशा ठिकाणी आधी ड्रमरशी बोलावं. पीए पूर्ण बंद असताना नुसत्या स्नेअरने तो दिवा लागलेला पाहिला आहे.

नियमांच्या या भानगडीत पब बंदही पडतात. मेलबर्नमधल्याच कॉलिंगवूडचं द टोट २०१० च्या जानेवारीत बंद झालं, कारण परवान्याच्या अटींत नेमावे लागणारे सुरक्षारक्षक त्याला परवडेनात. अशा अटींविरुद्ध २३ फेब्रुवारीला हजारो लोक मेलबर्नच्या रस्त्यावर उतरून विधिमंडळापर्यंत चालत गेले. १९७६ मध्ये याच तारखेला एसी/डीसीने ट्रकवर उभं राहून स्वान्स्टन स्ट्रीटवर आपल्या गाण्याचं चित्रीकरण केलं होतं. द टोट त्याच वर्षी पुन्हा उघडलं. पुढे २०१४ मध्ये व्हिक्टोरियाने नियोजनाचा नियम बदलला: आधीपासून चालत असलेल्या संगीताच्या जागेजवळ कुणी नवं घर बांधलं, तर आवाज अडवण्याचा खर्च बांधणाऱ्याचा. माझ्या मते गेल्या काही दशकांत इथल्या रॉकला सगळ्यात जास्त मदत या एका कलमाने केली आहे, कुठल्याही पुरस्काराने नाही.

कानांचं गणित रोखठोक आहे. ऑस्ट्रेलियात कामाच्या ठिकाणची मर्यादा आठ तासांना सरासरी ८५ डेसिबल. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. पबमधला मुख्य बँड पहिल्या दोन-तीन गाण्यांत हा कोटा संपवतो. फोमचे बोळे आवाज कमी करतात पण वरचे सूर जास्त कापतात, त्यामुळे गाणं गोधडीतून आल्यासारखं लागतं. फिल्टरवाले प्लग सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या उतरवतात. ते घालून मिक्स करता येतो, आणि करावा. ऐकायला येणाऱ्यांनी डेस्कच्या आसपास उभं राहावं. मिक्स तिथेच ऐकून केलेला असतो. कॉर्नर हॉटेलमध्ये मात्र स्टेजसमोरच्या खांबाचा आधी अंदाज घ्यावा.

शो संपल्यावर व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प आधी बंद करायचे आणि गाडीत सगळ्यात शेवटी टाकायचे, कारण तापलेले व्हॉल्व्ह हिसक्याने जातात. केबली कोपरावर गुंडाळायच्या नाहीत. एक वेढा सुलटा, एक उलटा, म्हणजे आत पीळ बसत नाही. बिघडलेल्या केबलीच्या टोकाला गाठ मारून ती वेगळी ठेवायची. ‘नंतर बघू’ म्हणून पेटीत परत गेलेली केबल पुढच्या शोला किकवर लागते. गल्लीत सामान चढवताना गाडीची दारं आपटायची नाहीत आणि रिकाम्या बाटल्यांचा डबा मध्यरात्री ओतायचा नाही. संगीत सहन करणारे शेजारी या खळखळाटाने मात्र हमखास फोन करतात.

हिशोब बारच्या कोपऱ्यात होतो. लहान कार्यक्रमांत दाराच्या, म्हणजे तिकिटांच्या, पैशातून खोलीचं भाडं, साउंडवाल्याचे आणि दारावरच्या माणसाचे पैसे आधी वजा होतात आणि उरलेलं बँडमध्ये वाटतात. कशाचे किती वजा होणार हे आधीच्या ईमेलमध्ये लिहून घेतलेलं असावं. रात्री साडेबाराला तोंडी आठवणी जुळत नाहीत. बँडची गाणी स्वतःची असतील तर आणखी थोडे पैसे असतात: वाजवलेल्या गाण्यांची यादी एपीआरए एएमसीओएस या रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडे ऑनलाइन भरली की पब जे परवाना शुल्क देतात त्यातून गीतकार-संगीतकारांना रॉयल्टी मिळते. कित्येक बँड ती भरतच नाहीत. यादी स्टेजवर चिकटवलेली असतेच. टेप ओढून काढताना तिचा मोबाइलवर एक फोटो घेतला की काम झालं.